घरचे यंत्र : जुन्या इंजिनाची नाडीपरीक्षा

दिल्लीच्या सरोजिनी नगरमधून एका भगिनींचे पत्र आमच्याकडे आले. त्या केंद्र सरकारच्या एका कार्यालयात काम करतात. त्यांचे वडीलही सरकारी नोकरीतच होते. वडिलांनी १९७० साली, पुष्कळ दिवस वाट पाहून, एक फियाट ११०० मोटार घेतली. ती अनेक वर्षे जुन्या सरकारी घरापुढील कडुनिंबाखाली उभी असे. वडील निवर्तल्यावर ती कापडाखाली झाकून ठेवली गेली आणि सहा वर्षे जागची हलली नाही. मध्यंतरी वसाहतीचे रूपच पालटले. सरोजिनी नगरच्या पुनर्विकासास २०१६ साली मंजुरी मिळाली आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील २८ नव्या मनोऱ्यांचे उद्घाटन झाले. जुन्या घरांच्या जागी अडीच हजारांहून अधिक सदनिका उभ्या राहिल्या. कडुनिंबाखालची जागा गेली आणि मोटार एका स्नेह्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवावी लागली.

तेथे एका मिस्त्रींनी बॅटरी जोडून इंजिन सुरू केले. निळा धूर आला, इंजिन अडखळत चालले, आणि मिस्त्रींनी निकाल दिला : "पन्नास वर्षांची गाडी आहे, सिलिंडर झिजले. इंजिनच बदला." पुण्याचे बंधू म्हणतात, मोडीत द्या. भगिनी विचारतात, "वडिलांच्या गाडीतले वडिलांच्या वेळचे इंजिन काढून टाकण्यापूर्वी ते खरोखरच गेले आहे की नाही, हे मला कोण सांगेल?"

या प्रश्नाचे उत्तर असे की ते इंजिनच सांगेल. मात्र त्याला नीट विचारले पाहिजे. वैद्य जसा नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही, तसे इंजिन उघडण्यापूर्वी त्याची परीक्षा करण्याचे काही सोपे आणि स्वस्त मार्ग आहेत. आम्ही ते या भगिनींना क्रमाने लिहून कळविले. त्यांनी एका जाणत्या फिटरच्या मदतीने ते करून पाहिले आणि आकडे आम्हास पाठविले. त्यांच्या संमतीने ते सारे येथे देत आहोत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादी जुनी मोटार, स्कूटर किंवा शेतावरील पंप असेल, त्यांनाही याचा उपयोग व्हावा.

प्रथम रोगाची ओळख

ही फियाट मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा तो कारखाना. हीच मोटार पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी ओळखली गेली आणि मुंबईची टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. तिच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि त्यात पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. आपल्या मुलांना घेऊन गणित करून पाहा : चार सिलिंडरांचे मिळून घनफळ १,०८९ घन सेंटिमीटर भरते. फियाटच्या नावातील '११००' हा आकडा येथूनच आला.

सिलिंडर म्हणजे बिडाच्या ठोकळ्यात कोरलेली गुळगुळीत विहीर. तिच्यात पिस्टन वरखाली होतो आणि पिस्टनच्या खाचांत बसविलेल्या रिंगा भिंतीला चिकटून राहून वायूचा दाब वर आणि तेल खाली अडवून धरतात. भिंत झिजली की दाब खाली निसटतो आणि तेल वर चढून जळते. मोटारीची ताकद कमी होणे आणि निळा धूर येणे ही दोन लक्षणे एकाच दुखण्याची होत.

ही झीज सर्वत्र सारखी होत नाही. जुन्या वाड्याची दगडी पायरी जशी मधोमधच खोलगट होते, तशी सिलिंडरची भिंत वरच्या टोकाजवळ अधिक झिजते. त्याला कारणे आहेत. पिस्टन वर पोहोचून परत फिरतो तेव्हा त्याची गती क्षणभर शून्य होते आणि भिंतीवरील तेलाचा पातळ थर टिकत नाही. त्याच वेळी स्फोटाचा दाब आणि उष्णता सर्वांत जास्त असते व तो दाब रिंगांना बाहेर रेटतो. हवेबरोबर आलेली धूळही तेथेच घासली जाते. उन्हाळ्यातील दिल्लीची आंधी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हवेच्या गाळणीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. याखेरीज आणखी एक कारण आहे. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये झालेल्या संशोधनातून असे दिसून आले की थंड इंजिनात जळणापासून होणारी आम्ले भिंतीवर दवासारखी जमतात आणि धातू खातात. म्हणून घरापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून घरापर्यंत अशा लहान फेऱ्या मारणारी मोटार लांबच्या प्रवासाला जाणाऱ्या मोटारीपेक्षा लवकर झिजते.

पहिली साक्ष : वहीची

आम्ही भगिनींना पहिला प्रश्न विचारला तो पान्याचा नव्हे, वहीचा. वडील पेट्रोल आणि तेलाचा हिशेब ठेवीत असत काय? सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाने हिशेब ठेवला नाही असे सहसा होत नाही. वही निघाली. अखेरच्या दोन वर्षांतील नोंदींवरून असे दिसले की सुमारे १,५०० किलोमीटरमागे एक लिटर तेल वरून घालावे लागत होते, आणि त्याआधीच्या पाच वर्षांतही हे प्रमाण फारसे निराळे नव्हते.

ही लहानशी नोंद फार बोलकी आहे. सिलिंडर झिजत चालले की तेलाची भूक वर्षागणिक वाढते. येथे ती वाढलेली नाही. म्हणजे मोटार उभी राहिली त्या दिवशी इंजिन वृद्ध होते, पण मरणासन्न नव्हते. जे काही बिघडले, ते चालताना नव्हे तर उभ्या उभ्या बिघडले असावे. हा केवळ तर्क झाला. आता त्याची परीक्षा पाहिजे.

दुसरी साक्ष : धुराची

धुराचे रंग ओळखावयास शिकावे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. त्याचा सिलिंडरच्या झिजेशी संबंध नाही. इंजिन तापल्यावरही न थांबणारी पांढरी वाफ म्हणजे पाणी आत शिरत आहे. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. पण निळ्या धुरातही भेद आहे. चढावर जोर देताना सतत निळा धूर निघाला तर संशय रिंगांवर आणि सिलिंडरवर घ्यावा. उतारावरून पाय सोडून आल्यावर, किंवा पुष्कळ वेळ मंद चालवून मग जोर देताच, निळा लोट निघून नाहीसा झाला तर झडपांचे मार्गदर्शक, ज्यांना मिस्त्री 'गाइड' म्हणतात, ते सैल झालेले असतात. त्यासाठी सिलिंडरला हात लावण्याचे कारण नाही.

या भगिनींच्या मोटारीने सहा वर्षांनंतर पहिल्याच वेळी निळा धूर सोडला. अशा धुरावरून काहीच ठरविता येत नाही. इतके दिवस उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या रिंगा खाचांत चिकटलेल्या असतात. खरे तर ते इंजिन थेट स्टार्टरने फिरवावयासच नको होते. आधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे, दोन-तीन दिवस मुरू द्यावे, आणि मग मोटार गिअरमधून काढून, चाकांना उटी लावून, पुढील पुलीचा नट पान्याने फिरवीत इंजिन हाताने हलके हलके फिरवावे. जोर लागत असेल तर थांबावे. घाईने रिंग तुटली तर तीच सिलिंडर ओरबाडते.

तिसरी साक्ष : दाबाची

आता मुख्य परीक्षा. प्लगच्या जागी बसणारे दाबमापक, म्हणजे कॉम्प्रेशन गेज, बहुतेक गॅरेजमध्ये असते. रीत अशी : इंजिन शक्य असल्यास गरम असावे. चारही प्लग काढावेत. ठिणगी उडू नये म्हणून कॉइलची मुख्य तार काढून जमिनीशी जोडावी. जवळपास पेट्रोलचे उघडे भांडे, विडी किंवा मुले असू नयेत. एकाने गतिवर्धक पूर्ण दाबून धरावा, म्हणजे हवा मोकळी आत येईल. मग प्रत्येक सिलिंडरसाठी स्टार्टरने सारखेच, पाच-सहा फेरे द्यावेत आणि आकडा लिहून ठेवावा. बॅटरी भरलेली असली पाहिजे, नाहीतर शेवटच्या सिलिंडरवर विनाकारण ठपका येतो.

येथे शितावरून भाताची परीक्षा चालत नाही; चारही आकडे घ्यावे लागतात. अशा जुन्या पेट्रोल इंजिनात दर चौरस इंचाला साधारण १२० ते १५० पौंड दाब निरोगी समजावा. पण एकूण आकड्यापेक्षाही महत्त्वाचे हे की चारांत फरक किती आहे. तो दहा टक्क्यांच्या आत असावा. भगिनींनी पाठविलेले आकडे असे : पहिला ११२, दुसरा १०८, तिसरा ६२, चौथा ११०.

वाचकहो, क्षणभर थांबून हे आकडे पाहा. तीन सिलिंडर थोडे उतरलेले, पण एकमेकांस धरून आहेत. तिसरा एकटाच पडलेला आहे. वयाने झीज झाली असती तर चारही जवळजवळ सारखेच खचले असते. कारण चौघांनी धूळ सारखीच खाल्ली, फेरेही सारखेच मारले. 'पन्नास वर्षांची गाडी, सिलिंडर झिजले' हे निदान येथेच डळमळू लागते.

चौथी साक्ष : चमचाभर तेलाची

दाब कमी असला म्हणजे तो कोठून तरी निसटतो. वाट रिंगांवाटे खाली आहे की झडपांवाटे वर, हे कसे ओळखावे? आपण सायकलचा पंप पाहिला असेल. आतील चामडे वाळले की दांडा वरखाली होतो, पण हवा भरत नाही. त्यावर तेलाचे दोन थेंब सोडले की पंप पुन्हा काम करू लागतो. अगदी हाच न्याय येथे लावावयाचा आहे. अशक्त सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन-तेल सोडून पुन्हा दाब घ्यावा. तेल रिंगांभोवतीची फट काही काळ बुजविते. दाब चांगलाच चढला तर दोष रिंगांत किंवा भिंतीत आहे. दाब तेथेच राहिला तर दोष झडपांत किंवा हेडच्या गॅस्केटमध्ये शोधावा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर पडलेले असून तेलानेही उठत नसतील तर दोहोंमधील गॅस्केट जळाल्याचा संशय घ्यावा.

येथे तिसऱ्या सिलिंडरचा दाब ६२ वरून १०१ वर गेला. म्हणजे दोष खालीच आहे, रिंगांत किंवा भिंतीत. रिंगा नुसत्या चिकटल्या असतील तर तेलात मुरवून त्या सुटतील, म्हणून चार दिवस तेल ठेवून, ते काढून टाकून, परीक्षा पुन्हा केली. आकडा ७१ आला. थोडी सुधारणा झाली, पण पुरेशी नव्हे. आता हेड उघडण्यास सबळ कारण मिळाले.

ज्यांच्याकडे हवेचा कॉम्प्रेसर आहे, त्यांना आणखी एक परीक्षा करता येते. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही झडपा मिटलेल्या असताना, प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडावी आणि कान द्यावा. फुसफुस कार्ब्युरेटरातून आली तर आत घेणारी झडप, धुराड्यातून आली तर बाहेर सोडणारी झडप, तेल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा वा सिलिंडर, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट किंवा तडा. रोगी इतके स्पष्ट बोलत असताना अंदाजाने औषध देणे योग्य नव्हे.

उघडल्यावर काय पाहावे

हेड काढल्यावर बोटाचे नख सिलिंडरच्या वरच्या कडेवरून खाली न्यावे. जेथे वरची रिंग पोहोचत नाही तेथे भिंत मूळ मापाची राहते आणि तिच्याखाली झिजेमुळे एक पायरी तयार होते. नख त्या पायरीवर जितके अडकेल, तितकी झीज अधिक. ही पायरी तशीच ठेवून नव्या रिंगा घालू नयेत. नव्या रिंगेची कडा तिच्यावर आदळते आणि रिंग मोडते.

माप घेण्याचे खरे साधन म्हणजे बोअर गेज. प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली, अशा तीन ठिकाणी, इंजिनाच्या लांबीच्या दिशेने आणि तिच्याशी काटकोनात, अशी सहा मापे घ्यावीत. चार सिलिंडरांची चोवीस होतात. वरच्या आणि खालच्या मापांतील फरक म्हणजे निमुळतेपणा; दोन दिशांतील फरक म्हणजे लंबगोलपणा. पिस्टन आडव्या दिशेने भिंतीला रेटतो, म्हणून त्या बाजूस झीज जास्त आढळते.

बोअर गेज नसेल तर एक घरगुती युक्ती आहे. एक रिंग सिलिंडरमध्ये खाली, न झिजलेल्या भागात, पिस्टनने ढकलून सरळ बसवावी आणि तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजने मोजावी. मग तीच रिंग वर, झिजलेल्या भागात बसवून फट मोजावी. दोन फटींतील फरकास ३.१४ ने भागले की व्यासातील झीज कळते. या इंजिनाच्या पहिल्या सिलिंडरमध्ये खालची फट ०.२५ आणि वरची ०.४७ मिलिमीटर भरली. फरक ०.२२, भागाकार ०.०७ मिलिमीटर. दुसरा आणि चौथा सिलिंडरही असाच निघाला. या युक्तीने लंबगोलपणा कळत नाही, म्हणून कारखान्यात गेजने पडताळा घेतला. तोही थोडाच निघाला. ढोबळ मानाने झीज ०.१५ मिलिमीटरच्या आसपास गेली की बोअरिंग टाळता येत नाही; अंतिम शब्द मात्र त्या त्या मोटारीच्या माहितीपुस्तिकेचा.

आणि तिसरा सिलिंडर? त्याचीही झीज तितकीच, ०.०७. पण भिंतीच्या मध्यावर गंजाचा एक पट्टा होता आणि त्यात नख अडकेल असे खड्डे पडलेले होते. उलगडा झाला. चार सिलिंडरांचे इंजिन कोठेही थांबले तरी एखाद्या सिलिंडरची झडप उघडी राहतेच. सहा पावसाळ्यांची दमट हवा त्या उघड्या दारातून आत गेली आणि धातू खात बसली. मोटार चालून झिजली नव्हती. न चालल्यामुळे तिला गंज चढला होता. महिन्या-दोन महिन्यांतून कोणी चार फेरे हाताने फिरविले असते आणि चमचाभर तेल सोडले असते, तर हे पत्र लिहावे लागले नसते.

मग उपाय कोणता?

मिस्त्रींचे एक बरोबर होते : हलक्या घासणीने हे खड्डे जाणारे नाहीत. पण त्यासाठी इंजिन बदलण्याची गरज नाही. दोन मार्ग आहेत. पहिला, चारही सिलिंडर मोठ्या मापाचे बोअर करून नवे मोठे पिस्टन घालणे. दुसरा, फक्त तिसऱ्या सिलिंडरमध्ये नवी बाही, म्हणजे लायनर, बसवून तो मूळ ६८ मिलिमीटरवर आणणे, बाकीच्या तिघांची वरची पायरी काढून भिंत हलकी घासणे, आणि चौघांना नव्या रिंगा देणे.

आमचा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. मोठ्या मापाच्या पायऱ्या मोजक्याच असतात. तीन निरोगी भिंती एका रोग्यासाठी कापल्या तर पुढील पिढीच्या वाट्याची एक पायरी आपण आजच खर्च करतो. धातू एकदा काढला की परत येत नाही. मात्र चौथ्या सिलिंडरजवळही खोल खड्डे आढळले असते, किंवा पिस्टनच्या खाचा सैल झालेल्या असत्या, तर आम्ही पहिलाच मार्ग सांगितला असता. आणि बोअरिंग करावयाचेच असेल त्यांनी आधी पिस्टन आणावेत, ते कारखान्यात द्यावेत, आणि पिस्टन मोजूनच सिलिंडर कापून घ्यावेत. घासणी झाल्यावर सिलिंडर गरम पाणी, साबण आणि ब्रशने स्वच्छ धुवावेत, पांढऱ्या फडक्यावर डाग उमटेनासा होईपर्यंत, आणि लगेच तेल लावावे. नुसत्या पेट्रोलने पुसल्यास घासणीची पूड भिंतीच्या रेघांत राहते आणि नव्या रिंगा महिनाभरात जुन्या करते.

मूळ इंजिन राखण्यास भावनेखेरीज व्यवहाराचेही कारण आहे. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींवर हरित अधिकरणाने आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घातले. पुढेही त्यासंबंधी आदेश होत आले आहेत. परंतु जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील मोटारींना 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी दिली. अट अशी की सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. अशी मोटार रोजच्या कामास वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. दिल्लीत १९६४ पासून भरत आलेली स्टेट्समनची जुन्या मोटारींची रॅली पुष्कळांनी पाहिली असेल. तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी इंजिनावरील क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे, प्रत्येक कामाची पावती जपावी, आणि परिवहन कार्यालयात आजचा नियम स्वतः विचारून घ्यावा.

भगिनींनी अद्याप निर्णय घेतलेला नाही. बंधू दिवाळीत दिल्लीस येणार आहेत. दोघे मिळून ठरवितील. खर्च आपल्या ऐपतीबाहेरचा वाटला आणि त्यांनी मोटार दुसऱ्या कोणा जाणत्याच्या हाती सोपविली, तरी त्यात कमीपणा नाही. पण आता जे ठरेल ते माहितीवर ठरेल, धुराच्या एका लोटावर नव्हे. वडिलांच्या वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने एक नवे पान सुरू केले आहे आणि त्यावर पहिली नोंद म्हणून चार आकडे लिहिले आहेत : ११२, १०८, ६२, ११०. आपल्या घरातही एखादे यंत्र कापडाखाली उभे असेल, तर येत्या रविवारी ते कापड दूर करून पाहावे.